‘फॉल्स’ म्हणजे खोटे? : एका विशेषणाची उलटतपासणी



आजचा शब्द इंग्रजी आहे, पण तो आपल्या घरात, डोक्यावरच आहे. फॉल्स सीलिंग. कोल्हापुरात हल्ली नवा फ्लॅट घेतला की आधी पीओपीवाल्याला बोलावतात. तो माप घेतो, मधे फुलाची नक्षी सुचवतो, दिवे कुठे येतील ते सांगतो. घरातली आजीसुद्धा शेजारणीला सांगते, ‘हॉलला फॉल्स सीलिंग केलंय.’ पण ‘हॉलला खोटं छत केलंय’ असं कुणी म्हणाल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. इंग्रजी शिकलेला नातू म्हणत नाही, न शिकलेली आजीही म्हणत नाही. फॉल्स म्हणजे खोटे, हे आपण पाचवीपासून घोकलेले असताना इथे मात्र तो प्रतिशब्द कुणाच्या तोंडात येत नाही. शब्दकोशापेक्षा भाषेला जास्त कळतं, त्याचा हा छोटासा पुरावा आहे.

आमची तक्रार दोघांविरुद्ध आहे. पहिली तर्कशास्त्राच्या आपल्या मराठी पुस्तकांविरुद्ध. त्यांनी ‘फॉल्स’ला ‘असत्य’ असा कोरा करकरीत प्रतिशब्द दिला आणि हात झटकले. दुसरी तक्रार वृत्तपत्रं आणि बातम्यांची पडताळणी करणारी मंडळी यांच्याविरुद्ध. ती कुठल्याही फिरत्या चित्रावर ‘खोटे’ असा लाल शिक्का आडवा मारतात. दोघांचा हेतू चांगला आहे. पण दोघांनीही हा शब्द नेमका कशावर बसतो ते पाहिलेलं नाही. हे न पाहिल्याने काय होतं, त्याकडे आपण येणारच आहोत. आधी शब्दाचं मूळ बघू.

लॅटिनमध्ये ‘फालेरे’ असं एक क्रियापद आहे. फसवणे, चकवणे, गुंगारा देणे, असे त्याचे अर्थ. त्यापासून झालेलं विशेषण ‘फाल्सुस’. आता व्याकरणाच्या काटेकोर नजरेनं पाहिलं तर हे कर्मणी रूप आहे. म्हणजे ‘फसवला गेलेला’. गंमत बघा. आज ज्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो, तो शब्द मुळात फिर्यादीचा होता. लॅटिनमध्येच तो सरकत सरकत फसवणाऱ्याकडे आणि फसव्या वस्तूकडे गेला. इंग्रजीत तो फार लवकर, जुन्या इंग्रजीच्या काळातच लॅटिनमधून आला, आणि १०६६ नंतर नॉर्मन राजवटीत फ्रेंचमार्फत पुन्हा एकदा आला. आरंभीच्या इंग्रजीत त्याचा संबंध लबाडीशी, फसवणुकीशी होता. विधानाशी फारसा नव्हता.

याच कुळातली बाकीची भावंडं तर आपण मराठीच करून टाकली आहेत. पोरगं गणितात ‘फेल’ होतं. वायरमन पावसात खांबावर चढून ‘फॉल्ट सापडला’ म्हणून ओरडतो. कर्जाचे हप्ते थकले की बँक ‘डिफॉल्ट’ म्हणते. तर्कशास्त्रात तर्कदोषाला ‘फॅलसी’ म्हणतात. हे सगळे त्या एका फालेरेचे वंशज. या सगळ्यांत समान काय आहे? भरवसा ठेवला होता, तो निसटला. तारेवर भरवसा होता, पोरावर होता, कर्जदारावर होता. पाय ठेवला आणि पायरी नव्हती. हा जो झोक जातो ना, तो या शब्दाचा गाभा आहे.

म्हणून इंग्रजीत हे विशेषण वाट्टेल त्याला लागतं. फॉल्स टीथ, म्हणजे कवळी. फॉल्स अलार्म. शर्यतीतला फॉल्स स्टार्ट. फॉल्स फ्रेंड, म्हणजे दगाबाज मित्र. आणि शेवटी, एका कोपऱ्यात, फॉल्स स्टेटमेंट. यातलं शेवटचं एकच तर्कशास्त्रज्ञांनी उचललं, धुऊन-पुसून सत्यता-सारणीत मांडलं आणि बाकीचं कुटुंब दाराबाहेर ठेवलं. तर्कशास्त्रासाठी ते सोयीचं होतं, त्याबद्दल भांडण नाही. आम्ही स्वतः आयुष्यभर त्याच सारण्या फळ्यावर काढल्या. पण सोयीसाठी केलेली निवड हा शब्दाचा खरा अर्थ आहे आणि बाकीचे अर्थ ढिले, गावठी आहेत, असा जो समज वर्गातून बाहेर पडतो, तो आम्हाला मान्य नाही.

खुद्द तर्कशास्त्राच्या आद्य गुरूला तो मान्य नव्हता. ॲरिस्टॉटलच्या ‘मेटाफिजिक्स’च्या पाचव्या पुस्तकात शब्दांचे अर्थ सांगितलेले आहेत. त्यात २९वं प्रकरण ‘स्यूडोस’, म्हणजे याच फॉल्सवर आहे. तो म्हणतो, एक वस्तू खोटी असते, एक कथन खोटं असतं आणि एक माणूस खोटा असतो. वस्तूंमध्ये तो स्वप्नं आणि छायाप्रकाशानं आभास निर्माण करणारी चित्रं घालतो. चित्र काही नाहीसं नसतं, भिंतीवर असतंच. पण जे दाखवतं ते तिथे नसतं. कथनाबद्दल त्याचं एक उदाहरण फार मोलाचं आहे. वर्तुळाचं जे वर्णन आहे ते त्रिकोणाच्या बाबतीत खोटं. वर्तुळाचं म्हणून ते वर्णन उत्तम आहे. त्रिकोणाला चिकटवलं की ते खोटं झालं. हे उदाहरण लक्षात ठेवा. त्याचं काम पुढे पडणार आहे.

आता आपल्या ‘खोटा’कडे येऊ.

मराठीत तीन शब्द जवळजवळ बसलेले आहेत. खोट, खोटा आणि खोटी. ‘मनात खोट आहे’, म्हणजे दोष आहे. ‘व्यापारात खोट आली’, म्हणजे तोटा झाला. ‘आमची खोटी करू नका’, म्हणजे खोळंबा करू नका. हा प्रयोग तरुणांच्या तोंडून कमी ऐकू येतो, पण जुनी माणसं अजून करतात. शेजारी हिंदीत खोट म्हणजे दोष आणि धातूतली भेसळ. गुजरातीत खोट म्हणजे तोटा, उणीव. आणि ‘खोटुं लागवुं’ म्हणजे वाईट वाटणं. एवढा सगळा गोतावळा बघितला तर वास कुठला येतो? बाजाराचा. सराफाच्या पेढीचा.

काही लोक ‘खोटा’ हा संस्कृत ‘कूट’पासून आला असं बेधडक सांगतात. कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार, तेव्हा कूट तोच खोट. अर्थ जुळतो हे खरं. पण क चा ख झाला कसा आणि ऊ चा ओ झाला कसा, ही दोन्ही स्पष्टीकरणं द्यावी लागतील, आणि ती न देता केलेली व्युत्पत्ती म्हणजे नाव सारखं म्हणून पाहुणा आपलाच म्हणण्यासारखं आहे. मात्र कूट शब्दाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात दंडाची यादी आहे. तिथे तराजू, शासनपत्र, माप आणि नाणं यांत कूट करणारा एकाच ओळीत उभा केला आहे. नाण्यासाठी शब्दही ‘नाणक’ असाच आहे. म्हणजे आपल्या परंपरेत खोटेपणाची पहिली घरं कोणती? तराजू, सनद, माप, नाणं. वाक्य मागाहून.

आणि खोट्याचा जोडीदार ‘खरा’? तो संस्कृत ‘खर’पासून आला असं मानतात. खर म्हणजे कठीण, प्रखर. दगडावर घासलं, आगीत घातलं, तरी टिकलं ते खरं. आपल्या गुजरीत आजही कसोटीचा काळा दगड बघायला मिळेल. पूर्वी गावगाड्यात नाणी पारखायचं काम पोतदाराचं. आपल्या भागात पोतदार आडनावाची किती घरं आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. रुपया दगडावर आपटायचा. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. ‘खणखणीत माणूस’, ‘खणखणीत भाषण’ हे आपण म्हणतो ते तिथून.

तर मुद्दा असा की मराठी माणसाच्या मनात खरं-खोटं हे आधी वस्तूला लागतं, मग माणसाला लागतं, आणि वाक्याला सर्वांत शेवटी. ‘असत्य’ हा शब्द याच्या उलट दिशेनं आलेला आहे. तो वाक्यालाच लागतो. असत्य दागिना, असत्य मित्र, असत्य दात असं होत नाही. म्हणून ‘असत्य’ हा वर्गातच राहिला. तो घाटावर, मंडईत, घरात उतरलाच नाही. अकरावीच्या मुलाला सारणीत ‘असत्य’ लिहायला शिकवलं आणि तो घरी येऊन ‘खोटं’ बोलतो, ऐकतो, पाठवतो. या दोन शब्दांमध्ये पूल बांधायचं काम पुस्तकांचं होतं. ते झालं नाही.

बरं, ‘खोटं’ म्हटलं की फसवणूक आलीच का? मुळीच नाही. रात्रीच्या बसनं लग्नाला निघालेल्या सुनेला सासू सांगते, ‘खोटंच घाल गं, खरं डब्यात राहू दे.’ यात कुणाला फसवायचं नाही. एक ग्रॅम सोन्याचे दागिने पाटी लावून विकतात. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत. याहून सुंदर प्रयोग पोरांच्या भातुकलीत आहे. चार वर्षांची नात रिकामी कपबशी आणून देते, ‘आजोबा, खोटा-खोटा चहा.’ एकदा ‘खोटा’ म्हटलं तर आरोप, आणि दोनदा म्हटलं तर खेळ! इंग्रजीला यासाठी वेगळे शब्द शोधावे लागतात. आपण नुसती द्विरुक्ती केली आणि त्यातलं विष काढून टाकलं. ‘लटका राग’ यातला लटका हाही असाच, विष काढलेला.

ऑक्सफर्डचा जे. एल. ऑस्टिन नावाचा तत्त्ववेत्ता होता. त्याच्या मृत्यूनंतर १९६२ साली त्याची व्याख्यानं ‘सेन्स अँड सेन्सिबिलिया’ या नावानं निघाली. ‘रिअल’, म्हणजे खरा, या शब्दाबद्दल तो म्हणतो की इथे होकाराला स्वतःचा असा अर्थ नाही. नकार कोणता ते कळल्याशिवाय होकार कळत नाही. खरं बदक म्हणजे काय? शिकाऱ्यानं पाण्यात सोडलेलं लाकडी बदक नव्हे, की खेळण्यातलं नव्हे, की चित्रातलं नव्हे? अशा जोडीत पाटलोण नकारानं घातलेली असते, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे धोतर म्हणा. (हशा) ‘खरी कोल्हापुरी’ म्हणजे काय, हे ‘खोटी कोल्हापुरी’ कोणती ते ठरल्यावरच कळतं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आले. म्हणजे सोलापुरातली चप्पल खरी कोल्हापुरी आणि धारवाडातलीही खरी कोल्हापुरी. नकाराची सीमा आखली, त्यातून होकार ठरला. पुढे २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या प्रदर्शनात तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपल्याकडे किती गदारोळ झाला. पण त्या चपलेला ‘खोटी कोल्हापुरी’ म्हणता येत नव्हतं, कारण ती कोल्हापुरी असल्याचा दावाच नव्हता. चूक होती, पण ती न बोलण्याची होती. नंतर त्यांनी भारतीय कारागिरीचा संबंध कबूल केला. हे थोडं विषयांतर झालं, पण दावा नसेल तर खोटेपणाही नसतो, एवढं त्यातून घ्या.

आता पुन्हा गुजरीत चला. २०२१ च्या जूनपासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा होत गेला. दागिन्यावर बारीक अक्षरांत शुद्धता असते. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, आपलं बावीस कॅरेट. ७५० म्हणजे अठरा कॅरेट. त्याशिवाय सहा अक्षर-अंकांची एक ओळख असते. समजा, एखाद्यानं अठरा कॅरेटच्या बांगडीवर ९१६ चा शिक्का मारला. आता सांगा, खोटं काय आहे? सोनं? ते अठरा कॅरेटचं अगदी अस्सल सोनं आहे, त्यात कसलीही लबाडी नाही. शिक्का? ९१६ हा आकडा दुसऱ्या बांगडीवर अगदी बरोबर असतो. खोटेपणा सोन्यात नाही, आकड्यात नाही. हा आकडा या सोन्यावर ठेवला, त्या ठेवण्यात आहे. ॲरिस्टॉटलचं वर्तुळ त्रिकोणाला चिकटलं, तसं. शिक्का मारला त्या क्षणी बांगडी बोलू लागली, ‘मी बावीसची आहे.’ आणि जे बोलतं तेच या अर्थानं खोटं ठरू शकतं.

हे एवढं घोळवलं, कारण दर पावसाळ्यात कोल्हापुरात हाच प्रश्न येतो.

आपल्या सगळ्यांना आकडे पाठ आहेत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्याही वर गेलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. म्हणून जुलै उजाडला की माणसं फोनला डोळे लावून बसतात. समजा, अशा वेळी दाजींनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांतून पाणी कोसळतंय. खाली मजकूर, ‘आत्ताच दरवाजे उघडले, रात्रीत गावात पाणी, सामान हलवा.’ प्रत्यक्षात व्हिडिओ २०१९ चा आहे आणि आज धरण भरायचंय. मेहुणा कॉलेजात शिकलेला. तो लगेच लिहितो, ‘दाजी, हा व्हिडिओ खोटा आहे.’

दाजी काय म्हणतील? ‘खोटा कसा? दिसतंय की!’

आणि आमचं म्हणणं असं की दाजी बरोबर आहेत. धरण राधानगरीचंच आहे. दरवाजे खरे, पाणी खरं, कॅमेऱ्यानं टिपलं तेही खरं. बनावट काहीच नाही. ‘व्हिडिओ खोटा’ हे मेहुण्याचं विधान, तर्कशास्त्राच्या भाषेतच बोलायचं तर, स्वतःच असत्य आहे. दाजी तो व्हिडिओ चार वेळा बघतात, ओळखीचा पूल दिसतो, ओळखीची झाडं दिसतात, आणि त्यांची खात्री पटते की मेहुणाच काहीतरी लपवतोय. मग मेहुण्यानं नंतर पाटबंधारे खात्याचा आकडा दाखवला तरी त्याची किंमत राहत नाही. चुकीच्या जागी मारलेला ‘खोटे’चा शिक्का हा असा बरोबर माणसाचीच पत घालवतो. पडताळणीवाले चित्रावर लाल शिक्का मारतात तेव्हाही हेच घडतं. शिक्का मारायचा तर खालच्या मजकुरावर मारा, ‘आत्ताच’ या एका शब्दावर मारा. चित्राला कशाला काळं फासता? चित्रच यंत्रानं रचलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ‘बनावट’ हा आपला चांगला शब्द आहे, आणि तो वस्तूला शोभतो. पण जुनं खरं चित्र नव्या मजकुराला चिकटवण्याचा प्रकार फार चालतो, आणि त्याला बनावट म्हणता येत नाही.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. ‘हे खोटं आहे’ हे वाक्य मराठीत माणसाला लागतं. इंग्रजीत ‘दॅट इज फॉल्स’ आणि ‘यू आर लायिंग’ यांत अंतर ठेवता येतं. मराठीत ‘खोटं’ म्हटलं की ‘खोटं बोलताय’ हे मागोमाग ऐकू येतंच. ‘म्हंजे आम्ही खोटं पाठवतोय व्हय?’ दाजींचा पुढचा प्रश्न हाच असणार. आणि बहिणीच्या नवऱ्याला खोटारडा म्हणणं आपल्याकडे केवढ्याला पडतं ते सांगायला नको. बिचारे दाजी फसवणारे नाहीत, फसलेले आहेत. लॅटिनमधला मूळचा ‘फाल्सुस’ आहेत ते! शाळेतल्या गुरुजींना हे बरोबर कळत होतं. म्हणून कित्येक प्रश्नपत्रिकांत ‘खरे की खोटे’ ऐवजी ‘चूक की बरोबर’ असतं. मुलाचं उत्तर चुकतं. मूल खोटं ठरत नाही. ‘चूक’ हा शब्द माणसाला जागा ठेवतो. आमच्या मते बातमीच्या बाबतीत आपण या शब्दाचा फार कमी उपयोग करतो. कदाचित तो पुरेसा झणझणीत वाटत नसेल.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या नैयायिकांनी कधीच देऊन ठेवलं होतं. शिंपल्याच्या जागी चांदी दिसली, हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. तिथे खोटं काय? नैयायिक म्हणतो, समोरचा शिंपला खरा. चांदीही खरी, फक्त ती इथे नाही, बाजारात आहे. इथला शिंपला आणि तिथली चांदी यांची जोड चुकली. याला ते अन्यथाख्याती म्हणतात. अन्नंभट्टानं ‘तर्कसंग्रहा’त अयथार्थ अनुभवाची व्याख्या केली आहे तिचा भावार्थ असा, की ज्यात जे नाही त्यात ते आहे असं जाणणं. म्हणजे दोन्ही टोकं शाबूत, गाठ चुकीची. आता तो व्हिडिओ बघा. पाणी खरं, पण ते २०१९ मध्ये. आजची रात्र खरी, पण तिच्यात ते पाणी नाही. नैयायिक त्या ग्रुपवर असता तर त्यानं लिहिलं असतं, ‘दाजी, व्हिडिओ खराच आहे, फक्त २०१९ चा आहे. आज पातळी इतकी आहे.’ भांडण तिथेच मिटलं असतं, आणि सामान माळ्यावर चढवायचं की नाही याचा निर्णय घरानं शांतपणे घेतला असता. आमची पुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींनी ‘फॉल्स’चं भाषांतर करताना रसेलकडे पाहिलं, पण घरातल्या अन्नंभट्टाला विचारलं नाही. ही आमची खरी तक्रार.

पण गाठ चुकली हे दर वेळी इतकं सहज दिसत नाही. त्यासाठी कोल्हापूरच्याच गादीशी संबंधित एक प्रकरण सांगतो.

ताराराणींनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, ते आपल्याला माहीत आहे. १७१४ मध्ये ती त्यांच्या हातून गेली आणि पुढची कित्येक वर्षं नजरकैदेत गेली. १७४९ च्या डिसेंबरात साताऱ्याचे शाहू महाराज निपुत्रिक वारले. त्याआधीच ताराराणींनी सांगितलं होतं, की आपला एक नातू गुप्तपणे वाढवलेला आहे. तो रामराजा. १७५० च्या जानेवारीत तो साताऱ्याच्या गादीवर बसला. पेशव्यांविरुद्ध तो आपल्या बाजूनं उभा राहत नाही असं दिसल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराराणींनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. आणि १७५२ च्या सप्टेंबरात जेजुरीला, खंडोबासमोर, त्यांनी शपथेवर सांगितलं की हा आपला नातू नव्हेच.

आता लावा सारणी. ‘रामराजा माझा नातू आहे.’ ‘रामराजा माझा नातू नाही.’ एकाच बाईंची दोन विधानं, परस्परांची नकार. दोन्ही सत्य असू शकत नाहीत, दोन्ही असत्यही असू शकत नाहीत. सारणी एवढं सांगून थांबते. पण मराठीनं विचारलेला प्रश्न वेगळा आहे. यात खोटं कोण? पहिलं विधान असत्य असेल, तर नातू खोटा. दुसरं असत्य असेल, तर शपथ खोटी. आणि राजा? इथे खरी मौज आहे. पेशव्यांनी ती शपथ ऐकली आणि रामराजाला छत्रपती म्हणून कायम ठेवलं. १७७७ मध्ये तो वारला तोवर तोच छत्रपती होता. पेशव्यांच्या शिक्क्यांवर त्याचं, राजाराम म्हणून, नाव होतं. त्या शिक्क्यांनी पत्रं गेली, कारभार चालला. नातू खोटा ठरला असता तरी शिक्का खोटा ठरत नव्हता. पेशव्यांचा त्यात स्वार्थ होता, हे उघड आहे. कैदेतला राजा त्यांना सोयीचाच होता. पण स्वार्थामुळे का होईना, ‘नातू’ आणि ‘राजा’ या दोन गाठी त्यांनी वेगळ्या केल्या. एक रक्तानं बांधलेली, दुसरी मान्यतेनं.

याच्याशेजारी सदाशिवरावभाऊंचा तोतया ठेवून बघा. १७६१ च्या पानिपतानंतर एक जण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला, त्याच्यामागे माणसं जमली, किल्ले मिळाले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. त्याच्याजवळ ‘मी भाऊ’ या एका गाठीखेरीज काहीच नव्हतं. ती सुटली आणि सगळं सुटलं. तोतया हा शब्द वस्तूला लागत नाही, वाक्याला लागत नाही, फक्त माणसाला लागतो. इंग्रजीत त्यासाठी ‘फॉल्स’ला पुढे दुसरं नाम जोडावं लागतं. आपल्याकडे अख्खा शब्द आहे. अशा नेमक्या शब्दांची आपल्याकडे चांगली रेलचेल आहे. तोतया, बनावट, लटका, थाप, आवई, अफवा, चूक. हे सगळे बाजूला सारून एकटा ‘खोटे’ दिवसभर राबवायचा, ही श्रीमंताच्या घरातली कंजुषी झाली.

‘मिथ्या’ आज राहिला. जग मिथ्या आहे याचं इंग्रजी भाषांतर ‘द वर्ल्ड इज फॉल्स’ असं करणाऱ्यांनी शंकराचार्यांवर जो अन्याय केला आहे, त्याला अर्धा तास पुरणार नाही. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ. आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेत कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय. त्यांच्याकडे माईक द्या.